घरभेटीची वही

मागच्या महिन्यात एका पोराचा फोन आला. लहानपणी संडे स्कूलमध्ये माझ्यासमोर मांडी घालून बसायचा. आता पुण्यात सेमिनरी, म्हणजे पाळकाचं शिक्षण, करून, दीक्षाविधी होऊन पहिलीच नेमणूक कोल्हापुरात मिळाली. "सलाम, पाळकसाहेब," म्हणाला, "प्रवचनाचं काही वाटत नाही, ते शिकवलंय. बाकीचं कसं करायचं?"

बाकीचंच तर सगळं असतं. तासभर बोललो, तरी निम्मंसुद्धा झालं नाही. उरलेलं इथं लिहितोय. मी चर्चचा पाळक म्हणून ३१ वर्षं सेवा केली, त्यातली १२ कोल्हापूर शहरात आणि बाकीची आसपासच्या खेड्यांत. आता निवृत्त आहे. गुडघे कुरकुरतात, पण आठवण अजून शाबूत आहे.

तर बाळा, पहिलं काम म्हणजे वही घे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. मोबाइलमध्ये लिहू नकोस, कारण मोबाइल कमिटीच्या बैठकीत टेबलावर उघडाच पडलेला असतो. प्रत्येक घराला एक पान दे. वर गल्लीचं नाव, खाली माणसं, मग दुखणी, मग कोण कुठल्या पाळीला जातो, मग कोण कोणाशी बोलत नाही. आणि कोपऱ्यात लाल पेनानं त्या घरातल्या मृत्यूंच्या तारखा. बाप्तिस्मा, लग्न, वाढदिवस लोक आपण होऊन सांगतात, केक कापायला बोलावतात. पण "आज तिला जाऊन तीन वर्षं झाली" असं कोणी फोन करून सांगत नाही. त्या संध्याकाळी तू न बोलावता दारात उभा राहिलास, की तो माणूस पुढची दहा वर्षं तुझी वाईट प्रवचनंसुद्धा निमूट ऐकून घेईल.

वही भरायची कशी? १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले आणि त्यांच्यामागून प्रेस्बिटेरियन मिशनची घडी इथं बसली. त्या घडीत पाळक एकटा कधीच नसतो, मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, निवडलेले वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, सोबत असतात. कुठं त्यांच्या समितीला सेशन म्हणतात, कुठं पास्टोरेट कमिटी. हे वडील तुला घरांची यादी देतील. एकाच वडिलांची यादी घेऊन निघू नकोस, दोघांकडून दोन घे, आणि ज्या घराचं नाव दोन्ही याद्यांत नाही तिथं आधी जा.

आता म्हणशील, यादीत नसलेलं घर सापडणार कसं? दूधवाल्याला विचार. मी सदर बाजारात तेच केलं. एका चाळीच्या शेवटच्या खोलीत सत्तरी उलटलेल्या एक निवृत्त नर्सबाई निघाल्या. चर्चमधल्या बाकावरून, खरंच, बसायच्या बाकावरून, कोणाशी तरी वाजलं होतं आणि सहा वर्षं त्या उपासनेला आल्या नव्हत्या. यादीतून नाव कधी गळलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दार उघडून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आलास व्हय? बस. उशीरच केलास." अर्धी मंडळी त्या बाईंच्या हातावर जन्मलेली. माझ्या वहीची पहिली चाळीस पानं त्यांनी एका दुपारी तोंडपाठ भरून दिली, कोणाच्या बाळंतपणात काय झालं होतं इथपासून.

दारात

घरभेटीची वेळ साधणं ही अर्धी विद्या आहे. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला फाउंड्रीत पहिल्या पाळीला जाणारा माणूस दुपारी घरी येतो, जेवतो आणि आडवा होतो. त्याला चारला उठवलंस तर तो प्रार्थनेला डोळे मिटेल ते उघडणारच नाही. साडेपाचनंतर जा. नर्सिंगवाल्या घरांत आठवड्याची पाळी विचारून घे. आणि रविवारी दुपारी बारा ते तीन कोणाच्याही दारात जाऊ नकोस. कोल्हापुरात रविवारी मटण असतं. तू पाणी पितो म्हणालास तरी ताट येणार, आणि तांबड्या रश्शाची वाटी रिकामी दिसली की पांढरा येणार. एका रविवारी मी चार घरी जेवलो आणि संध्याकाळच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना मला उचकी लागली.

चहाचं वेगळं सांगतो. दिवसाला दहा कप होतात आणि नाही म्हणता येत नाही, कारण श्रीमंताकडं घेतला आणि गरिबाकडं नाकारला की तेवढंच लक्षात राहतं. सेवेच्या सोळाव्या वर्षी माझी साखर वाढली. मग पहिल्याच घरात सांगायला लागलो, "अर्धा कप, बिनसाखरेचा." आठवडाभरात ती बातमी सगळ्या मंडळीत पोचली. मंडळीत बातमी फिरायची ती फिरतेच, तर आपल्या उपयोगाचीही एखादी सोडावी.

कुठून सुरुवात करतोस याच्यावर लोकांची नजर असते. मी लांबच्या, पत्र्याच्या घरापासून सुरू करून बंगल्याकडं येत गेलो. बसवतील तिथं बस. खाट असली तर खाटेवर. भिंतीकडं बघून घरी काय नाही ते मोजू नकोस, त्यांना ते कळतं.

कोल्हापुरात अशी घरं बरीच भेटतील, जिथं सून ख्रिस्ती आणि सासू रोज अंबाबाईला हात जोडणारी. तिथं प्रार्थना छोटी कर, आणि आधी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी कर. प्रार्थनेत त्यांचंही नाव घे, पण त्यांना सुधारायला देवाला सांगू नकोस. आपली कितीतरी गीतं ओवी-अभंगांच्या चालीवर आहेत. त्यातलं एखादं म्हणायला लागलास की सासूबाई आपोआप टाळी धरतात. एका घरी तर शेजारच्या भजनी मंडळातले काका चाल ओळखून आपला मृदंगच घेऊन आले.

दुखणाईत माणसाकडं जाताना आणखी तोलून वाग. सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, वॉर्डात खाटा जवळजवळ असतात. आपला आवाज उपासनेचा नाही, कानातला हवा. तीन वाक्यं पुरतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आधी "जरा प्रार्थना करतो हं" असं विचार. तो बहुतेक वेळा म्हणतो, "माझ्यासाठी पण करा की." आणि रुग्णापाशी बसलेल्या बाईकडं बघ. तीन दिवस तीच साडी असते. तिला सांग, "दोन तास मी बसतो. तुम्ही घरी जाऊन अंघोळ करून या." मी केलेल्या प्रार्थनांपैकी लोकांना किती आठवतात देव जाणे, हे मात्र सगळ्यांना आठवतं. एकदा असाच बसलो असताना सलाइन संपली, नर्स सापडेना, मी धावताना बादलीला अडखळून आपटलो. रुग्ण तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

रात्री दोनचा फोन

हा येणारच. त्या वेळी "सकाळी येतो" म्हणू नकोस. शर्ट चढव, गाडी काढ, जा. गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं बोलायचं काही नसतं. भिंतीला टेकून उभं राहायचं, बाईला पाणी द्यायचं. शास्त्रवचन पाठ असतं, पण ते लगेच बाहेर काढलं की दगडासारखं लागतं. मला हे कळायला सहा-सात दफनं लागली.

मग कामाला लाग, कारण त्या घरातल्या कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. डॉक्टरांचा दाखला आहे का बघ. खड्डा खणणाऱ्याला पहाटे पाचलाच फोन कर. शवपेटीसाठी सुताराला उंची आणि खांद्याची रुंदी, दोन्ही सांग. नुसती उंची सांगून माझी एकदा फजिती झाली आहे. तिची गोष्ट सांगत नाही, त्या घरचे लोक हे वाचतील. दफनाची वेळ ठरवताना मुंबईचा मुलगा महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी पोचणार आहे का ते विचार, आणि गाडीला उशीर होतो हे धरून चाल. दोन भाऊ बोलत नसतील, आणि बहुतेक नसतातच, तर दोघांना वेगवेगळी कामं दे, शवपेटी उचलताना मात्र पुढच्या दोन कोपऱ्यांना दोघांनाच लाव.

पावसाळ्यात खड्ड्यात पाणी येतं. वर ताडपत्री, कडेला फळ्या आणि दोन बादल्या लागतात. बादल्या तू सांगितल्याशिवाय कोणी आणणार नाही. घरच्यांनी त्या पाण्यात बघू नये म्हणून पाणी उपसून होईपर्यंत त्यांना झाडाखाली गीत म्हणत उभं ठेव.

आणि नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घे. मी एकदा कबरेपाशी उभा राहून मयत बाईंऐवजी त्यांच्या जिवंत बहिणीचं नाव घेतलं. बहीण समोरच उभी होती. म्हणाली, "पाळकसाहेब, मी हाय की अजून." सगळे हसले, मग सगळे रडले. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. आता ती गोष्ट तेच लोक लग्नात सांगतात.

२०१९ चा ऑगस्ट तुला टीव्हीवर आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ वर धोका. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पुण्याकडून कोणी येऊ शकत नाही, कोणी जाऊ शकत नाही. पूर आला म्हणून नातेवाइकांकडं राजारामपुरीत हलवलेले एक आजोबा तिथंच वारले. पोरगा पुण्यात अडकलेला. घरात दोन बायका, एक बारा वर्षांचा नातू आणि मी. शवपेटी उचलायला माणसं नव्हती. मी कोपऱ्यावर गेलो. तिथं जवळच्या तालमीची पोरं पूरग्रस्तांसाठी खिचडी शिजवत होती. हाताला पीठ, डोक्याला रुमाल. सांगितल्यावर एकानं डाव ठेवला. म्हणाला, "किती जण पायजेत?" सहा जण आले. त्यात एक पोरगा मोमीन आडनावाचा होता. गुडघाभर चिखलातून त्यांनी आजोबांना नेलं. खड्ड्यापाशी एकानं हळूच विचारलं, "काका, आम्ही काय म्हणायचं असतं?" मी म्हटलं, "काही नाही, मूठभर माती टाका." नातवानं पुण्याला बापाला फोन लावून तो माझ्याकडं धरून ठेवला होता. मी मोठ्यांदा वाचलं, फोनपर्यंत जावं म्हणून. ३१ वर्षांत मी वाचलं त्यातलं ते सगळ्यांत चांगलं वाचन असावं, आणि ऐकायला मंडळी म्हणावी तर खिचडीची पोरं.

त्याच पुरात मी रजिस्टरं वाचवली. बाप्तिस्मा, विवाह, दफन, तिन्ही. चर्चच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात होती. ती प्लास्टिकच्या पिंपात भरून गॅलरीत चढवली. तू गेल्या गेल्या पहिल्या आठवड्यात तुझी रजिस्टरं कुठल्या उंचीवर आहेत ते बघ. चाळीस वर्षांनी कोणीतरी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येतो, आणि त्या क्षणी तुझी सगळी ईश्वरविद्या एका ओळीच्या शाईवर उभी असते.

लग्न आणि घड्याळ

लग्न लावणं सोपं वाटतं, पण इथंच पाळक कोर्टाची पायरी चढतो. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि तो तू स्वतः वाच, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. वयाचे कागद मूळ बघ, झेरॉक्स नव्हे. नोटीस लाव. नोटिशीचा दाखला दिल्यापासून दोन महिन्यांत लग्न झालं नाही तर तो दाखला संपतो, मग पुन्हा पहिल्यापासून. तुझ्याशिवाय दोन साक्षीदार हवेत. आणि वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७.

आता ही सातची वेळ कोल्हापुरी वरातीला समजावून सांग. एका मे महिन्यात नवरदेव पावणेसहाला दसरा चौकात होता, बँडवाल्यांच्या अंगात आलं होतं आणि मामा लोक नोटा उडवत होते. मी चर्चच्या पायरीवर हातातलं घड्याळ बघत उभा. शेवटी गाडी काढून गेलो, बँडमास्तरला गाठलं आणि सांगितलं, "सातच्या आत दारात नाही आणलं तर लग्न उद्या, आणि उद्याचे पैसे तुम्हाला कोण देणार ते बघा." पंधरा मिनिटांत वरात आली. बोलायचं ते बँडवाल्याशी बोल, नवरदेवाच्या बापाशी बोलून काही होत नाही.

पैसा, कमिटी, घर

रविवारच्या दानार्पणाला हात लावू नकोस. दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, तू लांब उभं राहायचं. लग्नाचं पाकीट कोणी तुझ्या खिशात घातलं तर त्याच्यासमोर पावती फाड. मिशनच्या जुन्या जमिनीच्या कुठल्याही कागदावर "नुसती साक्षीला" म्हणून सही मागितली तर पेन हरवलाय म्हण. मी एकदा सही केली. ती कुठल्या बाजूची होती हे मला नोटीस आल्यावर समजलं, आणि पुढं चार वर्षं तारखांना गेलो.

पगार उशिरा येतो. आमच्या घरी पाळकीणबाई शाळेत शिकवायच्या, त्यावर चूल पेटली. हे मी प्रवचनात कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. मोठ्या मुलीनं पाच शाळा बदलल्या. पाळकाची पोर म्हणून तिनं हसायचं किती आणि कपडे कसले घालायचे, हे मंडळी ठरवायची. एकदा ती मला म्हणाली, "पप्पा, तुमच्या वहीत आमचं पान आहे का?" नव्हतं. त्या रात्री एक काढलं. तू आधीच काढ.

सोमवार सुट्टीचा ठेव आणि तो दिवस एका वडिलांच्या फोनवर सोपवून दे. मी रंकाळ्याला जायचो. हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली तर तिथं. पेठांच्या संघांची मॅच असते तेव्हा तिथं पाळक कोण, बँकेचा साहेब कोण, कोणी ओळखत नाही. घसा बसेपर्यंत ओरडायचो. मंगळवारी मंडळी विचारायची, "काय, सर्दी झाली का?"

प्रवचनाबद्दल एकच सांगतो, बाकी तुला शिकवलंय. व्यासपीठावरून कोणाला टोला मारू नकोस. नळावरचं एक भांडण मी नाव न घेता प्रवचनात आणलं, वाटलं फार हुशारी केली. एक घर १४ महिने आलं नाही. परत आणायला अकरा भेटी लागल्या. वहीत मोजल्या आहेत.

आणि कधीतरी अशी रात्र येईल की दुसऱ्यांसाठी प्रार्थना करता येते, पण स्वतःसाठी तोंडातून शब्द फुटत नाही. त्यावर माझ्याकडं औषध नाही. माझा एक दोस्त मिरजेला होता, दवाखान्यात पाळक. मिशनरी डॉक्टर वान्लेस साहेबांनी १८९४ मध्ये उभ्या केलेल्या त्या दवाखान्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर मोटरसायकल मारायची, झाडाखाली बसायचं, तो भडंग आणायचा. देवाबद्दल आम्ही फारसं बोलायचो नाही. तुझ्याच मंडळीतला नसलेला, तुझ्या बदलीशी काही देणंघेणं नसलेला असा एक माणूस आत्तापासून शोधून ठेव.

डिसेंबर

नोव्हेंबर संपला की झोपेचं विसर. कॅरलची, म्हणजे नाताळची गीतं म्हणणारी, पार्टी रात्री आठला निघते, एक-दीडला परत येते. टेम्पोच्या मागं रिफ्लेक्टर लाव, कारण तेव्हाच उसाचा हंगाम जोरात असतो आणि अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. ढोलकी एक, टाळ दोन, मोबाइलचा स्पीकर नको. प्रत्येक घरी दोनच गीतं, नाहीतर शेवटच्या घरी पोचेपर्यंत तिथली करंजी गार आणि माणसं झोपलेली. एका वर्षी गुऱ्हाळावर थांबलो. गुळव्यानं कढईतला गरम गूळ पळसाच्या पानावर दिला, म्हणाला, "गावा एकदा." पहाटे दीड वाजता, धुरात, आम्ही पंधराजण त्याच्यासाठी आणि त्याच्या बैलांसाठी गायलो. माझी साखर त्या रात्री कुठं गेली ते मी मोजलं नाही.

राहिली बदली. पाच-सहा वर्षांनी येते, कधी पत्र आधी, कधी अफवा आधी. निरोप-समारंभ साधा ठेव, जुनी भांडणं मिटवायला जाऊ नकोस, वेळ पुरत नाही. चाव्या, रजिस्टरं, बँकेचं पासबुक यांची यादी करून नव्या पाळकाची सही घे. घरभेटीची वहीही त्याला दे. पण आधी एकदा बसून ती वाच, आणि भांडणाची पानं फाड. लाल तारखा, दुखणी, पाळ्या राहू देत. कोण कोणाशी बोलत नाही हे त्याला त्याचं शोधू दे, तोवर कदाचित ते बोलायलाही लागले असतील.

मी फाडलेली पानं जाताना बंबात टाकली. चांगली वीस-पंचवीस होती. नर्सबाई निरोप द्यायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, काय जाळतोयस? मी म्हटलं, तुमच्या बाकाचं भांडण. त्या म्हणाल्या, "मग जरा थांब, मला पण पाणी दे तापलेलं, पाय शेकते."